रानात बसायचं औषध

आमच्या मालकाला बसता येत नाही.

बाईनं नवऱ्याची तक्रार मांडली की लोक कान टवकारतात. दारू पीत असंल, न्हायतर हात उचलत असंल. तसलं काही नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग घातलेला माणूस, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. पण बूड म्हणून टेकत नाही. जेवताना एक पाय चपलेत. न्हाव्याकडं दाढीला बसले की रस्त्यावरनं कुणाची गाडी गेली ते बघायला मान वळवणार आणि गालाला तुरटी लावून घरी येणार. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा आल्बम आहे, त्यात हे एकाच फोटोत सापडतात आणि त्यातही नुसती पाठ दिसते.

कळंबच्या बाजारात आमची आडत. बंडप्पा शेठ म्हणतात ते हेच. सगळा जन्म धान्याच्या ढिगांमधून फिरण्यात गेला. मूठ भर, वास घे, दाताखाली दाणा फोड, पुढच्या ढिगाकडं चल. दुकान शिवपुत्राच्या, म्हणजे आमच्या पोराच्या, हातात दिलं त्यालाही काही वर्षं झाली. दिलं आपलं म्हणायला. पोरगा गादीवर बसायच्या आत बाप दारात उभा. औंदा सोयाबीनच्या दिवसांत असेच उभे होते आणि उभ्याचे पोत्यांच्या थप्पीवर आडवे झाले. सोलापूरला नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, घरी आणलं.

घरी आणलं आणि खरा ताप सुरू झाला. डॉक्टरांनी दुकान बंद केलं, तर हे घरात फिरायला लागले. वसरीतून माडीवर, माडीवरून न्हाणीकडं, न्हाणीकडून स्वयंपाकघरात. डाळीचा डबा उघडून विचारणार, ही डाळ कुणाकडनं आणली. आमची सून गायत्री गरीब, ती गप्प राहिली. मी नाही राहिले.

"डाळीनं तुमचं काय घोडं मारलंय? ठेवा तो डबा."

"खडा हाय हिच्यात."

"खडा तुमच्या डोक्यात हाय."

रात्री डोळ्याला डोळा नाही. रक्तदाब मोजायचं मशीन पोरानं आणून ठेवलेलं, ते दंडाला लावलं की मशीनच्या आधी ह्यांचीच घाई, झालं का, किती आलं, मागच्यापेक्षा जास्ती का कमी. मशीन बिचारं फुगतंय तोवर हे त्याच्याशी भांडून मोकळे. आकडा खाली यायचं नाव नाही.

शेवटी निकिता मॅडमकडं नेलं. मॅडम म्हणजे गावातलीच पोर, शिकून आली आणि इथंच दवाखाना टाकला. तिला मी परकरात असल्यापासनं बघितलेली, त्यामुळं तिच्यापुढं भीडभाड धरायचं मला काही कारण नाही. तिनं सगळे कागद बघितले, छातीला नळी लावली आणि म्हणाली, "काका, गोळ्या चालू ठेवायच्याच, त्या चुकवायच्या नाहीत. पण तुमचं नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. शेत आहे ना तुमचं नदीकडं? रोज सकाळी तिथं जाऊन झाडाखाली बसा. मोबाईल घरी ठेवायचा, दुकानाचं नाव काढायचं नाही. मोकळ्या हवेत, हिरव्यात माणूस निवांत बसला की नाडी सावकाश होते, रक्तदाब उतरतो, झोप लागायला लागते."

"किती वेळ बसायचं?"

"बसवेल तेवढा वेळ."

"मग झालंच म्हणा," मालक उठले.

मी त्यांच्या सदऱ्याला धरून खाली बसवलं. माझं माहेर मुरूमकडचं, सगळं कुणबिकीचं. आमच्यात माणूस रानात राबायला जातो. सकाळी उठून रानात नुसतं बसायला कशाला जातात ते चारचौघांत बोलत नाहीत. ते मी मॅडमला तोंडावर सांगितलं. ती हसली, पण मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेल्यावर हसली नाही. म्हणाली, "काकू, हे हसण्यावारी नेऊ नका. हृदयावर ताण आहे त्यांच्या. येळवशीच्या अमावस्येपर्यंत उतरला नाही तर परत सोलापूरला पाठवावं लागेल. परत काही करायची वेळ आली, तर ह्या वयात..."

तेवढं अर्धं वाक्य घेऊन मी घरी आले.

मग मी हे काम हातात घेतलं. मी हातात घेतलेलं काम होतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी शिवपुत्रानं गाडीतनं आम्हाला मांजरेच्या बाजूला, आमच्या शेतात सोडलं. शेत वाटेकरी करतो, आम्ही आपलं सणासुदीला जाणार. अर्ध्यात ज्वारी, अर्ध्यात हरभरा, मधून बांध, बांधावर एक जुना कडुलिंब, आणि पाठीमागं विहीर. लिंबाखाली घोंगडी टाकली. म्हटलं, बसा.

बसले. टोपी काढली, परत घातली.

"आता?"

"आता बघा."

"काय बघू?"

"हिरवं बघा. मॅडमनं सांगितलंय."

त्यांनी समोर बघितलं. "बघितलं. आता?"

"परत बघा."

"एकदा बघितलेला माल मी परत बघत न्हाय."

आणि उठलेच. ज्वारीच्या पानाला हात लावला, खोड चेपून बघितलं, धाटं बारीक पडली म्हणाले. हरभऱ्यात शिरले, घाटा फोडला, दाणा चावला, थुंकला. वर लिंबाकडं बघून म्हणाले, खोड चांगलं भरलंय, दारं-खिडक्या निघतील. पोपटांचा थवा आला तर त्यांना पोपट दिसले नाहीत, ज्वारीची घट दिसली. अर्ध्या तासात सगळं शेत त्यांनी मनात विकून, तोलून, पोती भरून ठेवलं. घरी येईपर्यंत तोंड लालबुंद. मी म्हटलं, अहो, तुम्ही रानात गेला होता का बाजारात? म्हणाले, तुझं रान हे बाजारच हाय, नुसता छप्पर नसलेला.

तीन-चार दिवस हाच घोळ चालला. मग महालिंगप्पा आला.

महालिंगप्पा म्हणजे ह्यांच्याच वयाचा, बाजारात समोरच्या दुकानाचा मालक, जन्मभराचा वैरी आणि जन्मभराचा दोस्त. बायको वारल्यावर दुकान पोरांना देऊन तोही मोकळाच फिरत होता. त्यानं ऐकलं, बंडप्पाला रानात बसायचं औषध सांगितलंय. दुसऱ्या दिवशी काठी टेकत हजर.

"शरणार्थी वैनी," त्यानं हात जोडून नमस्कार घातला. "म्हटलं, शेठला एकट्याला औषध कडू लागत असंल."

"या, पण बाजाराचं बोलायचं न्हाय. मॅडमची सक्त ताकीद हाय."

"मी बोलतच न्हाय," तो म्हणाला. "बोलायचं वय गेलं आता."

आणि खरंच की. मी विहिरीच्या काठाकडं जाऊन बसले, म्हणजे भाजी निवडत होते, काटक्या गोळा करत होते. मला मोकळं बसायची सवय नाही, आणि औषध त्यांना सांगितलंय, मला नाही. तिथून लिंब दिसतो. लिंबाखाली दोन पाठी. एक रुंद, एक कुबड आलेली. बोलणं नाही, उठणं नाही, हातवारे नाहीत. दोघं खांद्याला खांदा लावून ज्वारीकडं तोंड करून गप बसलेले. वारं आलं की ज्वारी हलायची आणि हे हलायचे नाहीत. माझ्या संसारात मी ह्यांना इतकं स्थिर कधी बघितलं नव्हतं, झोपेत नाही आणि पूजेतही नाही.

मी जवळ गेले नाही. मॅडमनंच सांगितलेलं, मोडता घालू नका म्हणून. मी आपलं पाठींकडं बघून समाधान मानलं.

रोज तसंच. सकाळी हे माझ्या आधी तयार. चपला घालून दारात. "चल की, किती उशीर?" ज्या माणसाला घोंगडीवर दाबून बसवावं लागत होतं, तो आता रविवारीसुद्धा रानात जायला निघायचा. घरी आले की तोंडावर लाली. मी म्हटलं, उन्हाची कांती आहे. रात्री अंथरुणात बोटं हलायची, अंगठा ह्या बोटावरून त्या बोटावर. मी म्हटलं, जप चाललाय, नमः शिवाय मोजतायत.

आणि मी हे मनात ठेवलं असतं तर मी पार्वतम्मा कसली. मठात सोमवारी बायका जमल्या, तिथं सांगितलं. विहीणबाईंना लातूरला फोन करून सांगितलं. गल्लीत ज्यांचे नवरे गुडघे धरून बसलेत त्यांना बोलावून सांगितलं, की गोळ्या काय खाताय, नवऱ्याला रानात बसवा, पण बसवायला माझ्यासारखी बाई पाहिजे. गायत्री एकदा मधेच म्हणाली, "आत्या, पण मामा रात्री अजून जागेच असतात. मी पाण्याला उठले तर व्हरांड्यात फिरत होते."

"जप पुरा व्हायचा असंल," मी म्हटलं. ती गप्प झाली. गरीब आहे, पण तिची गप्प बसायची एक तऱ्हा आहे, ती मला आवडत नाही.

येळवशीच्या दोन दिवस आधी दवाखान्यात गेलो. मॅडमनं पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. दुसऱ्या दंडाला बांधला. ह्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. रक्तदाब उतरला नव्हता, पहिल्यापेक्षा चढला होता.

"काका, खरंच रोज बसता का शेतात?"

"हिला इचारा. एक दिवस खाडा न्हाय."

"एक न्हाय," मी म्हटलं. "मी स्वतः बघतीया. मग आता तूच सांग, झाड खोटं का तुझं मशीन खोटं?"

तिनं पेन उचललं. कागदावर सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव लिहायला लागली. मला त्या पेनाचा राग आला. म्हटलं, "हे बघ निकिता, परवा येळवस आहे. तू आमच्या रानात जेवायला ये. तुझ्या डोळ्यांनी बघ हे कसे बसतात ते. मग लिही काय लिहायचं ते."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं दिसत नाही, सगळा मुलूख रानात. दुकानं बंद, गल्ल्या ओस. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून आत मांडायचे, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, आणायचं, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर. घरच्या मालकानं पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची, मग पंगत. पूजा झाल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही, आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही. सगळ्या शिवारात माणसंच माणसं, एकमेकांना हाका मारतायत, या जेवायला.

औंदा मी जरा जास्तच बोलावलं होतं. विहीणबाई लातूरहून आल्या. मठातल्या बायका आल्या. निकिता मॅडम स्कूटीवरनं आली, पर्समध्ये मशीन घेऊन. खोपीत गायत्री दिवा लावून बसली, भज्जीचा वास सुटला, आणि ह्यांचा पत्ता नाही. शिवपुत्र म्हणाला, महालिंगअप्पांबरोबर लिंबाखाली गेलेत.

मला तेच पाहिजे होतं. सगळ्यांना घेऊन निघाले. बांधाबांधानं, पुढं मी, मागं विहीणबाई, तिच्या मागं मॅडम, मागं मठातल्या बायका. विहिरीपाशी आलो आणि समोर त्या दोन पाठी. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"बघा," मी हळू आवाजात म्हटलं. "असं तासन् तास."

विहीणबाईंनी हात जोडले.

मला तिथंच थांबायचं होतं. पण मॅडमला जवळनं बघायचं होतं, म्हणून आम्ही लिंबाला वळसा घालून बाजूनं गेलो. आता त्यांची तोंडं दिसली. डोळे मिटलेले दोघांचे. मांडीवर महालिंगप्पाचा मोठा पंचा पसरलेला, आणि दोघांचे उजवे हात पंचाखाली. मला वाटलं, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा चाललीय, वर पंचा झाकलाय. मी डोक्यावर पदर घेतला. बायकांनी घेतला. मॅडमनं सुद्धा ओढणी घेतली.

तेवढ्यात मालक डोळे मिटूनच म्हणाले, "न्हाय."

पंचा हलला.

"न्हाय म्हंजे न्हाय. फुकट मागतोय का? बघ तरी कसला फांदा हाय त्याचा." गळ्याची शीर दोरीगत तट्ट फुगलेली. कपाळाला घाम. पंचाखालचा हात झटका देऊन सुटला, परत पकडला.

महालिंगप्पा डोळे न उघडता गालात हसत होता.

आडतवाल्याच्या घरात मी उभा जन्म काढलाय. पंचाखालचा हात मला सांगायला नको. पूर्वी बाजारात भाव असाच व्हायचा, रुमालाखाली बोटं दाबून, शेजारच्याला कळायला नको म्हणून. सासऱ्यांना मी तसं करताना बघितलंय. आता सगळं उघड्या बोलीनं होतं, रुमाल कुणी विचारत नाही, पण बोटं काही विसरत नाहीत.

"अहो," मी म्हटलं.

दोघांनी डोळे उघडले. समोर बायकांची रांग, डोक्यावर पदर.

"कशाचा सौदा चाललाय?"

बोलायचं कुणी, ह्यावर दोघांत थोडं झालं. मग महालिंगप्पा म्हणाला, "वैनी, त्या पलीकडच्या बांधावरच्या चिंचेचा."

"ती चिंच आपली न्हाय."

"न्हाय."

"तुमची हाय?"

"माझी बी न्हाय."

"मग ज्याची हाय त्यानं विकायला काढलीया?"

"त्याला कशाला मधे घ्यायचं?" मालक चिडून म्हणाले. "आमचा आमच्यात चाललाय. काल त्यानं मला नदीकडच्या सगळ्या बाभळी भाव पाडून मागितल्या आन मी येडा देऊन बसलो. रात्रभर डोळा न्हाय माझा. आज चिंच सोडणार न्हाय."

तर असं होतं बघा. महिना होऊन गेला, हे दोघं म्हातारे रोज सकाळी रानात बसून दुसऱ्याची झाडं एकमेकांना विकत होते. बोलायचं नाही हा माझा कायदा त्यांनी तंतोतंत पाळला. मोबाईल घरी. बाजाराचा शब्द नाही. आणि रात्री तो जप. तो जप म्हणजे उद्या कुठलं बोट दाबायचं.

आधी मठातली एक बाई हसली. मग विहीणबाई. मग सगळ्याच. मॅडमनं हसू दाबत मशीन काढलं, ह्यांच्या दंडाला बांधलं, आणि आकडा बघून तिचं हसू गेलं. तिनं आकडा कुणाला सांगितला नाही. मशीन पर्समध्ये टाकलं आणि माझ्याकडं बघितलं, बस.

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं इथं सांगत नाही. महालिंगप्पानं पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि बायकांच्या मागं गेला. हे लाल झाले होते. इतक्या लोकांत बायको बोलली, त्यापेक्षा चिंच राहिली ह्याचा राग जास्ती, मला माहीत आहे. टोपी उचलली आणि ज्वारीतनं नदीच्या अंगाला चालायला लागले. मी म्हटलं, जाऊ द्या, कुठं जातील, भूक लागली की येतील.

खोपीत आलो. दिवा, नैवेद्य, सगळं मांडून तयार. सूर्य डोक्यावर आला. शेजारच्या रानातल्या पूजा झाल्या, पंगती बसल्या, तिकडनं हाका यायला लागल्या. आमच्याकडं सगळे हात बांधून बसलेले. गायत्री म्हणाली, "आत्या, मामांना बघायला पाठवू का कुणाला?"

"येतील."

शिवपुत्र उठला, मी त्याला बसवलं. मॅडम माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात ते अर्धं वाक्य होतं. मला तिथं बसवेना. मी खीर ढवळली, ढवळलेली परत ढवळली, धपाट्यांवरचं फडकं सारखं केलं. मोबाईल त्यांचा घरी. गोळीची वेळ टळत आलेली. उन्हात चिडलेला म्हातारा माणूस, हृदयात जाळी, आणि मी म्हणाले होते, जाऊ द्या.

"तुम्ही बसा," मी सगळ्यांना म्हटलं, "मी आणते त्यांना कान धरून."

बांधावरनं निघाले ते आधी चालत, मग पळतच म्हणा. हाक मारावी तर आजूबाजूच्या रानातली माणसं बघणार, बंडप्पा शेठची बायको नवरा हरवून फिरतीया. म्हणून हाक नाही मारली. मग मारली. ज्वारी डोक्याएवढी, तिच्यात काही दिसत नाही. पानं गालाला कापतायत. पलीकडच्या चिंचेखाली बघितलं, तिथं नाहीत. नदीच्या वाटेवर बघितलं, नाहीत. विहिरीत डोकावून बघितलं.

परत फिरले तर ज्वारीच्या कडेला एक चप्पल. पुढं दुसरी. आणि त्याच्या पुढं बांधाच्या सावलीत पांढरं धोतर, आडवं.

तोंड उघडं. हात बाजूला पडलेला. गालावर माशी चालत होती आणि ते तिला हाकलत नव्हते.

मी ओरडले नाही. गुडघ्यावर बसले आणि नाकाखाली तळवा धरला. तळव्याला काही लागेना. मग ते घोरले. एकदा, मोठ्यांदा, दुकानाचं शटर ओढल्यासारखं. आणि परत हळू श्वास चालू झाला.

झोपले होते. हा माणूस मातीवर, डोक्याखाली टोपी घेऊन, भर दिवसा झोपला होता.

उठवायला मी खांद्यावर हात ठेवला. पंगत खोळंबलीय, पूजा व्हायचीय, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे मला बोलायचं होतं. हात ठेवला आणि कपाळ बघितलं. तिथल्या आठ्या नव्हत्या. मला वाटायचं त्या जन्मापासनंच आहेत. बोटं बघितली. मातीत उघडी पडलेली, एक हलत नव्हतं. गळ्यातली शीर शोधावी लागत होती.

हात काढून घेतला.

सावली सरकत होती आणि ऊन त्यांच्या डोळ्यावर यायला लागलं, म्हणून मी उन्हाच्या बाजूला बसले. माझ्यासारखीला ते बसणं म्हणजे शिक्षा. गुडघा दुखायला लागला, मुंग्या पायावर चढल्या. तिकडं खीर घट्ट होत असंल, उंडे गार होत असतील, विहीणबाई लातूरला जाऊन काय काय सांगतील. उठले तर ऊन पडतंय, म्हणून बसले. बसल्यावर दुसरं काही नव्हतं, तर ज्वारीचा आवाज ऐकला. कागदावर कागद घासावा तसा असतो तो. पोपट आले, खाऊन गेले. कुणाची घट झाली असंल ती होवो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, माझा स्वतःचा श्वासही आता धापेचा राहिला नव्हता.

पानं वाजली. गायत्री आली होती शोधत. मला बसलेलं बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी ओठावर बोट ठेवलं. ती जवळ आली, घोरणं ऐकलं आणि तिथंच खाली टेकली.

"आत्या," ती अगदी हळू म्हणाली, "सगळे थांबलेत. उठवायचं का?"

आमच्या घरात मालक असताना येळवशीची पूजा दुसऱ्या कुणी केलेली नाही. सासरे आजारी होते तेव्हा त्यांना बाजेसकट रानात आणलं होतं. आणि आज तर अख्खा मठ तिथं बसलेला.

"न्हाय," मी म्हटलं. "शिवपुत्राला सांग, तूच पूजा कर म्हणावं. आन सगळ्यांना वाढा."

"लोक विचारतील."

"सांग, झोपलेत."

ती जाता जाता वळून म्हणाली, "मॅडमला?"

"तिलाही तेच सांग. आन म्हणावं, मशीन घेऊन इकडं येऊ नको."

पूजेचा गलका ऐकू आला. शिवपुत्राचा आवाज बापापेक्षा बारीक आहे, पण सगळं नीट म्हणाला. मग पंगतीचा आवाज. आमच्या घरची येळवस आम्हा दोघांवाचून झाली आणि आभाळ काही पडलं नाही.

ऊन कलल्यावर ते उठले. आधी मला बघितलं, मग आभाळाकडं, मग चपला शोधल्या.

"किती वाजले? पूजा राहिली की."

"झाली पूजा."

"कुणी केली?"

"शिवपुत्रानं."

"मी असताना?" बसल्या जागी ताठ झाले. "आन तू करू दिलीस? लोक काय म्हणले असतील? त्या महालिंग्याला तर आयतंच सापडलं. कुठं हाय तो? गेला का? त्याला म्हणावं थांब, चिंचेचं अजून..."

मी त्यांच्या डोक्यातली माती झटकली. जरा जोरातच.

"बसा खाली, आन मी बोलतीया ते ऐका. तुमच्या पुढं माणूस आला की तुम्हाला त्याला हरवायचं असतं. महालिंगप्पा असो, डॉक्टर असो, मशीन असो, न्हायतर मी. मी तिकडं विहिरीवर बसून तुमची पाठ बघायची आन तुम्ही पाठीनं मला फसवायचं, हे औषध न्हवं, हा बी सौदाच झाला. आज पयल्यांदा तुमच्यापुढं कुणी न्हवतं, तवा झोप लागली. म्हणून आता माझा निकाल असा हाय. उद्यापासनं रानात एकट्यानं यायचं. महालिंगप्पाला दुपारी घरी बोलवा, वसरीत बसून सगळा जिल्हा एकमेकाला विका, मी चहा देते. मी बी तुमच्यामागं बघायला येणार न्हाय, आन कुणाला काय सांगणार बी न्हाय. तुमच्याइतका लबाड माणूस म्या उभ्या बाजारात बघितला न्हाय, पण मला ह्या वयात दुसरा नकोय. एकटे या, आन रोज जित्ते घरी या."